काळी ट्रंक उघडण्याआधी: घरातल्या माजी सैनिकाची सेवा कशी नोंदवून ठेवाल?

काही वर्षांपूर्वी स्वातंत्र्यदिनाला आमच्या भागातल्या एका मंडळाने माझ्या मोठ्या काकांचा सत्कार केला. मांडव, माईक, शाल, श्रीफळ, सगळं रीतसर. सूत्रसंचालकाने पुकारा केला, "आता आपल्यासमोर येत आहेत मेजर साहेब!" काका उठले, शाल घेतली, खाली आले आणि माझ्या कानाशी म्हणाले, "शाल चांगली आहे रे, पण माणूस भलताच होता."

काका कंपनी हवालदार मेजर म्हणून निवृत्त झाले होते. निवेदकाने सुरुवातीचे दोन शब्द खाऊन टाकले आणि हवालदाराचा थेट अधिकारी केला. आपण मोठा मान दिला असंच त्याला वाटलं असणार. पण ज्याने दोन पट्ट्यांवरून तिसरी पट्टी मिळवायला वर्षं घालवली, त्याला फुकटात मिळालेली बढती टोचते.

त्या दिवशी मी ठरवलं की आधी माणूस नीट माहीत करून घ्यायचा, सत्काराचं नंतर बघू. पुढची दोन वर्षं जे केलं, जिथे चुकलो आणि जे उशिरा कळलं, ते इथे क्रमाने देतो. मी इंदूरचा, राजेंद्रनगरचा. महूची लष्करी छावणी आमच्यापासून तासाभराच्या आत. त्यामुळे काही गोष्टी या भागापुरत्या आहेत, बाकीच्या कुठल्याही मराठी घराला लागू पडतील.

आधी बसा, मग विचारा

कागद कुठे जात नाहीत, माणूस जातो. १९७१ च्या लढाईत जो विशीत होता तो आज पंचाहत्तरीच्या आसपास आहे. १९६५ चे लोक त्याहून पुढे. म्हणून सुरुवात बोलण्यापासून करा.

मोबाइलवरचं रेकॉर्डिंग पुरतं. फोन एरोप्लेन मोडवर टाका, टेबलावर रुमाल घडी करून त्यावर ठेवा, पंखा बंद करा. आमच्या पहिल्या रेकॉर्डिंगमध्ये काकांपेक्षा कुकरच्या शिट्ट्या जास्त ऐकू येतात. एका बैठकीला चाळीस मिनिटं पुष्कळ. सकाळची पोहे-चहानंतरची वेळ उत्तम, कारण संध्याकाळी माणूस थकतो किंवा बातम्या लावून बसतो. प्रत्येक फाइलला लगेच तारीख आणि विषय द्या, नाहीतर महिनाभराने "रेकॉर्डिंग १७" मध्ये काय आहे ते कुणालाच सांगता येत नाही.

"लढाईबद्दल सांगा" असं विचारलंत की दोन वाक्यांत उत्तर संपतं. लहान, हाताला लागतील असे प्रश्न विचारा. भरतीला कोण घेऊन गेलं? छाती मोजताना किती भरली? ट्रेनिंगला पहिलं पत्र घरी काय लिहिलं? उस्ताद कसा होता? लंगरमध्ये भाजी कसली असायची, आणि पुरणपोळीची आठवण कधी झाली? पहिल्या सुट्टीला गाडी कुठे बदलली? अशा प्रश्नांवरून गाडी आपोआप मोठ्या गोष्टींकडे वळते. घरातल्या बाईलाही विचारा आणि तेही वेगळं, नवरा समोर नसताना. काकूंनी सांगितलेली १९७१ ची डिसेंबरची रात्र, काळे कागद लावलेल्या खिडक्या आणि तीन आठवडे न आलेलं पत्र, काकांच्या तोंडून कधीच आली नव्हती.

"किती मारले?" हा प्रश्न विचारू नका, नातवालाही विचारू देऊ नका. माणूस गप्प झाला तर तुम्हीही गप्प बसा, चहा मागवा, दुसऱ्या दिवशी दुसरंच काहीतरी काढा. आणि जे तो "हे लिहू नको" म्हणेल ते लिहू नका. निवृत्तीनंतरही काही गोष्टी बोलायच्या नसतात, त्यासाठी कायदा आहे. त्या कोणत्या हे त्याला तुमच्याहून चांगलं कळतं.

आमच्या घरात कायम म्हटलं जायचं, "ते काही लढाईत नव्हते, नुसती गाडी चालवायचे." काका आर्मी सर्व्हिस कोरमध्ये, म्हणजे फौजेला रसद पोचवणाऱ्या शाखेत, ड्रायव्हर म्हणून भरती झाले होते. तिसऱ्या बैठकीत ते बाडमेरबद्दल बोलू लागले. राजस्थानच्या त्या बाजूने आपली फौज सिंधमध्ये नयाचोरच्या दिशेने आत गेली होती. वाळूत रस्ता नाही आणि पाणी नाही. पुढच्या पलटणींना गोळ्यांइतकीच पाण्याची गरज. टायरमधली हवा कमी करून रात्री दिवे न लावता ट्रक न्यायचे, चाक रुतलं की खाली उतरून हाताने वाळू उपसायची. "वरून विमान आलं तर ट्रक सोडून पळायचं, हा हुकूम. पण पाणी सोडून कसं पळणार?" हे वाक्य मी चार वेळा ऐकलं रेकॉर्डिंगमध्ये. स्वयंपाकी, कारकून, न्हावी, खेचरवाले, सिग्नलवाले यांच्या घरात "नुसते" हा शब्द फार वापरतात. तो आपल्या नोंदीत येणार नाही एवढं बघा.

ट्रंक

जवळजवळ प्रत्येक फौजीच्या घरात माळ्यावर एक काळी लोखंडी ट्रंक असते, पांढऱ्या रंगात नंबर, हुद्दा, नाव, युनिट रंगवलेली. पहिलं काम, त्या अक्षरांचा फोटो काढा. ट्रंक पुन्हा रंगवायची हौस कुणाला आली तर थांबवा. तो नंबर म्हणजे पुढच्या सगळ्या शोधाची किल्ली आहे.

आत काय शोधायचं? सगळ्यात महत्त्वाचं डिस्चार्ज बुक. भरतीची आणि निवृत्तीची तारीख, ट्रेड, हुद्दे, पदकं, चारित्र्याचा शेरा, कुटुंबाची माहिती, हे सगळं त्यात असतं. मग पीपीओ म्हणजे पेन्शनचा आदेश, माजी सैनिक ओळखपत्र, ईसीएचएस म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं कार्ड, जुनी पे-बुकं, कोर्सची सर्टिफिकेटं, पत्रं, ग्रुप फोटो. फोटोच्या मागे काय लिहिलंय ते पुढच्या बाजूइतकंच महत्त्वाचं असतं, दोन्ही बाजू स्कॅन करा. कागद ३०० डीपीआयला, फोटो ६०० ला. काका हयात असतानाच ग्रुप फोटोतल्या प्रत्येक चेहऱ्यावर बोट ठेवून नावं वदवून घ्यायला हवी होती. मी ते अर्धंच केलं, आणि मागच्या रांगेतले अकरा जण आता कायमचे अनोळखी झाले.

लॅमिनेशन करू नका. प्लास्टिकमध्ये कागद तापवून बंद केला की पुन्हा निघत नाही आणि आतल्या आत पिवळा पडतो. आम्लरहित कागदाची पाकिटं मिळाली तर उत्तम, नाहीतर स्वच्छ सुती कापड. आमच्याकडे पावसाळ्यात माळ्यावर दमट होतं, म्हणून ट्रंक खाली आणा, भिंतीपासून वीतभर दूर, आत सिलिका जेलच्या पुड्या.

पदकांना पितांबरी लावायची नाही, चिंच लावायची नाही. दिवाळीला देवाच्या भांड्यांबरोबर पदकं घासणारी घरं मी पाहिली आहेत. गोल पदकांच्या काठावर बारीक अक्षरांत नंबर, हुद्दा, नाव आणि युनिट कोरलेलं असतं, घासून घासून ते जातं. भिंग घ्या, काठ फिरवून वाचा आणि जे दिसतं ते जसंच्या तसं उतरवून घ्या.

आता पदकांच्या नावांबद्दल, कारण इथे घराघरात गोंधळ आहे. छातीवर सात पदकं म्हणजे सात शौर्यपदकं नव्हेत. परमवीर, महावीर, वीर चक्र. अशोक, कीर्ती, शौर्य चक्र. आणि शौर्यासाठी दिलेलं सेना मेडल, ही शौर्याची. बाकीची बहुतेक सेवेची असतात: समर सेवा स्टार आणि रक्षा मेडल १९६५ ची, पूर्वी स्टार, पश्चिमी स्टार आणि संग्राम मेडल १९७१ ची, सियाचीनचं वेगळं, कारगिलच्या ऑपरेशन विजयचं वेगळं, नऊ, वीस, तीस वर्षांच्या सेवेची वेगळी. १५ ऑगस्ट १९७२ ला जे सेवेत होते त्यांना स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचं पदकही मिळालं. सेवेचं पदक कमी दर्जाचं नसतं. तो माणूस त्या वेळी कुठे उभा होता हे ते सांगतं. काकांचा पश्चिमी स्टार आम्ही वर्षानुवर्षं कसल्यातरी स्पर्धेचं बक्षीस समजत होतो. शौर्यपदकाबद्दल शंका असेल तर संरक्षण मंत्रालयाच्या शौर्य पुरस्कारांच्या संकेतस्थळावर नाव तपासता येतं. तपासल्याशिवाय व्यासपीठावर बोलू नका.

रेकॉर्ड ऑफिसला पत्र

डिस्चार्ज बुक हरवलं असेल किंवा तारखा जुळत नसतील तर त्या त्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला लिहायचं. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं सागरला, बॉम्बे सॅपर्सचं (लष्करी अभियंते) खडकीला, तोफखान्याचं नाशिक रोडला, सिग्नल्सचं जबलपूरला, ईएमईचं (यंत्रदुरुस्तीची शाखा) सिकंदराबादला, रणगाडा दलाचं अहिल्यानगरला, सर्व्हिस कोरच्या मोटार वाहतुकीचं बंगळूरला.

पत्र एक पानाचं हवं. सेवा क्रमांक, हुद्दा, पूर्ण नाव, वडिलांचं नाव, भरतीच्या वेळचं गाव-तालुका-जिल्हा, अंदाजे वर्षं, तुमचं नातं आणि त्याचा पुरावा. काय हवंय ते एका ओळीत. काकांच्या गौरवाचे परिच्छेद लिहू नका, कारकुनाला नंबर हवा असतो. जुने कागद ठरावीक मुदतीनंतर नष्ट होतात, पण लाँग रोल नावाच्या नोंदवहीतली मूळ नोंद राहते, तेव्हा "लाँग रोलमधील नोंदीचा तपशील मिळावा" असं स्पष्ट लिहा. उत्तर आलं नाही तर दहा रुपये भरून माहिती अधिकाराचा अर्ज. अर्ज जवळच्या वारसाच्या नावाने केलात तर अडचण कमी येते.

नावाच्या स्पेलिंगला घाबरू नका, पण सगळी रूपं लिहून ठेवा. कारकुनाने ऐकलं तसं लिहिलं, त्यामुळे एकाच घरातले दोन भाऊ दोन आडनावांचे सापडतात, काहींचं आडनावच नसतं, फक्त स्वतःचं नाव आणि वडिलांचं.

संस्थानी फौजेतले आजोबा

इंदूरच्या पुष्कळ मराठी घरांत "आजोबा होळकरांच्या फौजेत होते" एवढंच माहीत असतं. शोध इथे थांबत नाही. स्वातंत्र्यानंतर संस्थानी पलटणी भारतीय सैन्यात विलीन झाल्या. होळकरांची इंदूर इन्फन्ट्री कुमाऊँ रेजिमेंटची १५ वी पलटण झाली. म्हणजे इंदूरच्या मराठी आजोबांची पुढची नोंद शोधायची ती उत्तराखंडात, रानीखेतला, कुमाऊँ रेजिमेंटच्या केंद्रात. हे कळेपर्यंत लोक बेळगावला पत्रं पाठवत बसतात. ग्वाल्हेरच्या नातेवाइकांसाठी: शिंद्यांची पलटणही कुमाऊँमध्येच गेली, १४ वी. आणि बडोद्याच्या मंडळींना मात्र बेळगावच, कारण गायकवाडांची पलटण २० मराठा झाली.

पहिल्या किंवा दुसऱ्या महायुद्धात कामी आलेल्या पूर्वजांची नावं कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर शोधता येतात. तिथेही इंग्रजी स्पेलिंगची चार रूपं टाकून बघा आणि गावाच्या नावाने गाळा. स्वातंत्र्यानंतर कर्तव्यावर प्राण दिलेल्यांची नावं दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकात आहेत. २५ फेब्रुवारी २०१९ ला ते खुलं झालं. तिथल्या त्याग चक्रात २५,००० हून अधिक नावं ग्रॅनाइटवर कोरलेली आहेत. दिल्लीला जाणार असाल तर नाव कोणत्या भिंतीवर आहे ते आधी शोधून जा; उन्हात शोधत फिरताना म्हाताऱ्या आईचे हाल होतात.

काकूंचं नाव कोणतं?

सन्मान वगैरे ठीक, पण माणूस हयात असताना घरच्यांनी करायचं सगळ्यात खरं काम हे आहे, म्हणून थोडं कंटाळवाणं असलं तरी वाचा.

आपल्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलायची रीत होती. काकू माहेरच्या कमल, सासरच्या सुनंदा. फौजेच्या कागदात कमल, आधारवर सुनंदा, बँकेत "सुनंदाबाई", जन्मतारीख तीन ठिकाणी तीन. नवरा असेपर्यंत हे कुणाला खुपत नाही. तो गेल्यावर कौटुंबिक पेन्शनच्या वेळी प्रत्येक खिडकीवर विचारतात, ही बाई कोण? त्यामुळे आजच डिस्चार्ज बुक, पीपीओ, आधार, पॅन आणि पासबुक शेजारी शेजारी ठेवा आणि पत्नीचं नाव, जन्मतारीख अक्षर न अक्षर जुळतं का पाहा. जुळत नसेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, ते प्रतिज्ञापत्रापासून रेकॉर्ड ऑफिसपर्यंतचा रस्ता सांगतात. पेन्शन आता स्पर्श या प्रणालीवर आहे, तिथला मोबाइल नंबर चालू आहे ना, हयातीचा दाखला वेळेवर जातो ना, हेही बघा. नातवाने वर्षातून एकदा हे काम केलं तर शंभर सलामांपेक्षा जास्त उपयोगी.

संक्रांत

आता दिवसांचं. २६ जुलै कारगिल विजय दिवस आणि १६ डिसेंबर विजय दिवस सगळ्यांना माहीत असतात. ७ डिसेंबर हा १९४९ पासून सशस्त्र सेना ध्वजदिन. त्या दिवशी निधीला पैसे द्यावेत. २७ ऑक्टोबरला पायदळ दिन, १९४७ साली त्या दिवशी शिखांची पलटण श्रीनगरला उतरली म्हणून.

पण आपल्याला सोयीचा दिवस १४ जानेवारी. १९५३ साली याच दिवशी जनरल करिअप्पा, पुढचे फील्ड मार्शल, निवृत्त झाले, म्हणून हा माजी सैनिक दिन. आणि हीच बहुतेक वर्षी आपली संक्रांत! वेगळा मांडव नको, वेगळी वर्गणी नको. तिळगूळ घेऊन मुलांसकट त्यांच्या घरी जायचं. आमच्या गल्लीत आता हेच करतो. सकाळी पोरं मैदानात गिल्ली-दांडू खेळतात, मग अकरा वाजता तीन घरं. पोरांना आधीच एकेक प्रश्न ठरवून देतो. एकाने विचारलं, "आजोबा, सियाचीनला आंघोळ कशी करायचे?" पाऊण तास बोलले आजोबा.

याच संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू चालतं. आणि इथे आपली रीत आडवी येते. सैनिकाची पत्नी विधवा झाली की तिला हळदीकुंकवाला बोलावत नाहीत. स्टेजवर "वीरनारी" म्हणून तिला साडी द्यायची आणि दुसऱ्या दिवशी शेजारच्या घरी वाण लुटताना तिचं दार वगळायचं, हे एकत्र चालत नाही. मला उपदेश करायचा नाही, फक्त काय केलं ते सांगतो. माझ्या पत्नीने आधी दोन जणींना घरी जाऊन विचारलं, "तुम्हाला चालेल का, यायला आवडेल का?" एक आली, एकीने नको म्हटलं, आणि तेही ठीक. आलेल्या बाईंना सगळ्यांबरोबर, सगळ्यांसारखं वाण दिलं, वेगळं उभं केलं नाही, टाळ्या नाहीत. न विचारता चारचौघींत कुंकू पुढे करू नका, ते धाडस होत नाही, धक्का होतो.

कार्यक्रम करायचाच असेल तर

करा, पण त्याचा परिचय डिस्चार्ज बुकवरून लिहा आणि आदल्या दिवशी घरी जाऊन त्याला वाचून दाखवा. हुद्दा पूर्ण म्हणा: नायब सुभेदार म्हणजे सुभेदार नव्हे, ऑनररी कॅप्टन म्हणजे ऑनररी कॅप्टन. वेळ पाळा. फौजी दहा मिनिटं आधी येऊन बसलेला असतो, आणि प्रमुख पाहुणे तासभर उशिरा येतात तेव्हा अपमान कुणाचा होतो ते समजून घ्या. पाहुण्यांसाठी थांबू नका. भाषणांऐवजी दोन प्रश्न विचारून त्यालाच दहा मिनिटं बोलू द्या. पदकं तो स्वतः डाव्या छातीवर लावतो. गेलेल्याची पदकं वारस लावत असेल तर उजवीकडे, ही रीत आहे. "शहीद" हा शब्द सरकारी व्याख्येतला नाही; "वीरगती प्राप्त", "हुतात्मा" किंवा नुसतं "युद्धात कामी आले" म्हणा. आजारपणाने गेलेल्याला तर उगाच काहीही म्हणू नका, त्याच्या सेवेची वर्षं सांगा.

महूला एक दिवस

इंदूरहून राऊमार्गे पंचवीस-एक किलोमीटर. इन्फन्ट्री म्युझियम पाहायचं तर फोन करून वेळ विचारा, ओळखपत्र न्या आणि छावणीत जिथे मनाई आहे तिथे फोन खिशात ठेवा. सोबत घरचे माजी सैनिक असतील तर गाइड नको, फक्त पाण्याची बाटली आणि खुर्ची मिळेल का ते बघा. काका एका जुन्या वायरलेस सेटपुढे वीस मिनिटं उभे होते. परतताना भीमजन्मभूमीवर थांबा. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ हे कोकणातले, फौजेतले, महूच्या छावणीत राहिलेले. सैनिकाच्या घरातून काय निघू शकतं हे पोरांना तिथे वेगळं सांगावं लागत नाही.

निरोपाच्या वेळी

माजी सैनिक गेला की महूच्या स्टेशन हेडक्वार्टरला आणि सैनिक कल्याण कार्यालयाला लगेच कळवा. पुष्पचक्र, बिगुल यांपैकी काय शक्य आहे ते तेच सांगतील. हे नंबर फ्रिजवर आधीच चिकटवून ठेवा, त्या सकाळी शोधायला कुणाचं डोकं चालत नाही. तिरंग्याचा मात्र मोह आवरा. ध्वजसंहितेप्रमाणे शासकीय, लष्करी किंवा निमलष्करी अंत्यसंस्कारातच तो पार्थिवावर घालता येतो, केशरी पट्टा डोक्याकडे, आणि अग्नी देण्याआधी काढून घ्यायचा. आम्हाला तसा मान मिळणार नव्हता. पलटणीतले दोन जुने सोबती देवासहून आले होते, त्यांनी सावधान होऊन सलाम केला. तेवढं पुरलं.

सगळं झाल्यावर आम्ही बत्तीस पानांची पुस्तिका छापली, वीस प्रती. रेकॉर्डिंगं दोन हार्ड डिस्कवर, एक इंदुरात, एक पुण्याला चुलतभावाकडे. पहिल्या पानावर ट्रंकेवरचीच अक्षरं घेतली: नंबर, हुद्दा, नाव, युनिट. मुद्रकाने हौसेने हुद्द्याच्या जागी "मेजर" टाकलं होतं. प्रूफात सापडलं.